संशोधनाची पहिली पायरी : पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थ्याची पाच वर्षे

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा एक नवा प्रकार आढळला. त्या शोधाला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळण्यात येतो. या दिवशी शाळा-महाविद्यालयांत शोधकांची चित्रे लावली जातात, त्यांच्या शोधांची माहिती सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक शोधक हा एके काळी विद्यार्थी असतो. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाला काय आवडते, घरच्या मंडळींची त्याच्याविषयी काय अपेक्षा आहे, सुट्टीचे दोन महिने तो कोठे आणि कोणाच्या सहवासात घालवितो, पदवी हाती आल्यावर त्याच्यापुढे कोणती दारे उघडी असतात, या गोष्टींचा विचार मात्र फारसा होत नाही. वस्तुतः समाजाला आणि शासनाला साहाय्य करता येते ते याच टप्प्यावर. पुढे तो मोठा झाल्यावर सत्कार करण्याखेरीज कोणाच्या हाती फारसे काही उरत नाही.

म्हणून आजच्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन वर्षांचा विचार करणे उचित ठरेल. हा विद्यार्थी म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९२५ ते १९३० ही पाच वर्षे ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते. ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती यांविषयीच्या कार्याबद्दल १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विद्यार्थिदशेतील घटना पुष्कळ तपशिलाने ज्ञात आहेत. त्या क्रमाने पाहिल्या असता, एखादी आवड संशोधनापर्यंत पोहोचण्यासाठी वाटेत कोणकोणत्या हातांचा आधार लागतो, हे स्पष्ट दिसू लागते.

घर आणि ग्रंथसंग्रह

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला. दहा भावंडांत ते तिसरे व मुलांमध्ये थोरले. वडील सी. सुब्रह्मण्य अय्यर हे हिंदुस्थान सरकारच्या लेखापरीक्षा व लेखा खात्यात अधिकारी होते आणि त्या वेळी त्यांची नेमणूक लाहोर येथे रेल्वेच्या लेखाविभागात होती. आजोबा गणित व पदार्थविज्ञान यांचे अध्यापक होते. घरात पुस्तके होती आणि ती मुलांच्या हाती पडत होती. आई सीतालक्ष्मी यांचे शालेय शिक्षण थोडे. तथापि स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी इंग्रजीवर इतके प्रभुत्व मिळविले की, इब्सेनच्या 'ए डॉल्स हाउस' या नाटकाचा त्यांनी तमिळ भाषेत अनुवाद केला.

सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. तमिळ आईने शिकविली. इंग्रजी व अंकगणित वडिलांनी. १९१८ मध्ये कुटुंब मद्रासला आले आणि पुढे काही वर्षांनी चंद्रशेखर ट्रिप्लिकेन येथील हिंदू हायस्कुलात जाऊ लागले. १९२० च्या एप्रिल महिन्यात श्रीनिवास रामानुजन यांचे निधन झाले. ती बातमी वर्तमानपत्रातून आईने या मुलाला सांगितली, तेव्हा त्याला दहावे वर्ष लागले होते. हिंदुस्थानात जन्मलेला, याच मद्रासमध्ये राहिलेला एक माणूस गणितासाठी जगभर मान्यता पावतो, ही गोष्ट त्या वयात मनावर ठसली आणि ती त्यांनी उतारवयातही आवर्जून सांगितली. एखाद्या मुलाला गणिताचा ध्यास कोठून लागतो, याचे उत्तर पुष्कळदा अशा एखाद्या साध्या प्रसंगात सापडते. वर्तमानपत्र वाचणारी आई आणि ते ऐकणारा मुलगा, एवढेच त्यासाठी पुरेसे होते.

आवड आणि अपेक्षा

प्रेसिडेन्सी कॉलेजात पहिली दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ऑनर्सच्या विषयाची निवड करावयाची होती. चंद्रशेखर यांचा ओढा शुद्ध गणिताकडे होता. वडिलांची इच्छा निराळी होती. मुलाने इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा द्यावी, त्या दृष्टीने पदार्थविज्ञान घेतलेले बरे, असे त्यांचे मत होते. त्या काळी आय.सी.एस. म्हणजे प्रतिष्ठा, वेतन आणि निवृत्तिवेतन या तिन्हींची हमी. मोठ्या कुटुंबातल्या थोरल्या मुलाबाबत बापाने अशी अपेक्षा ठेवावी, यात गैर काही नव्हते. आईने मात्र मुलाला त्याच्या मनाप्रमाणे करावयास सांगितले. अखेर मधला मार्ग निघाला. चंद्रशेखर यांनी पदार्थविज्ञान हा विषय घेतला आणि गणिताच्या वर्गांनाही ते बसू लागले. नियमित तासिकांचे बंधन थोडे सैल करून त्यांना अशी मोकळीक देणारे अध्यापक त्यांना लाभले, ही या कथेतील एक महत्त्वाची बाब आहे.

चरितार्थ आणि जिज्ञासा यांचा असाच पेच त्यांच्या घराण्यात एका पिढीपूर्वी उभा राहिला होता. रामन हे चंद्रशेखर यांच्या वडिलांचे धाकटे बंधू. १९०७ मध्ये तेही अर्थखात्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन कलकत्त्याला सरकारी अधिकारी म्हणून रुजू झाले. त्या काळी आपल्या देशात केवळ संशोधनावर निर्वाह होईल अशी सोय नव्हती. दहा वर्षे त्यांनी कचेरीपूर्वी व कचेरीनंतर असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम केले आणि १९१७ मध्ये ती मोठ्या पगाराची नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद कमी वेतनावर स्वीकारले. सरकारी नोकरी करणारा मनुष्य विज्ञानाची सेवा करू शकतो याचे हे उदाहरण आहे, आणि अशा मनुष्याला सायंकाळी दार उघडून देणारी एखादी संस्था गावात असावी लागते, याचेही.

१९२८ ची उन्हाळी सुट्टी

चंद्रशेखर पदवीच्या अभ्यासक्रमात असताना १९२८ चा उन्हाळा आला. ती सुट्टी त्यांनी कलकत्त्यात, काकांच्या प्रयोगशाळेत घालविली. रामन यांच्या शोधाला तेव्हा काही आठवडेच झाले होते. के. एस. कृष्णन यांच्यासारखे तरुण संशोधक तेथे दिवसरात्र कामात गुंतले होते. सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि मनुष्याचे डोळे एवढ्या सामग्रीवर ज्या कामाचा प्रारंभ झाला, त्याची चर्चा युरोप-अमेरिकेत सुरू झालेली हा विद्यार्थी जवळून पाहत होता. पाठ्यपुस्तकातले विज्ञान पूर्ण झालेले, शेवटचे वाक्य लिहून मिटलेले असे वाटते. प्रयोगशाळेत ते अपुरे, वादाचे, खोडून पुन्हा लिहिले जाणारे असते. हा फरक वर्गात समजावून देता येत नाही; तो जवळ राहूनच कळतो.

या सुट्टीत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. उपकरणे हाताळण्यापेक्षा कागदावरची आकडेमोड आणि सिद्धांत यांत आपले मन अधिक रमते, हे त्या विद्यार्थ्याला उमगले. आपला पिंड कोणत्या कामाचा आहे, हे अठराव्या वर्षी कळणे हीसुद्धा संशोधनाची मोठीच प्राप्ती होय. उन्हाळी संशोधनातून प्रत्येक विद्यार्थ्याने शोध लावावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्याला स्वतःचा अदमास आला, तरी दोन महिने सार्थकी लागले असे समजावे.

त्याच वर्षी चंद्रशेखर यांचा पहिला निबंध रामन यांनी सुरू केलेल्या 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता ताऱ्यांच्या अंतर्भागातील कॉम्प्टन परिणाम. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळला म्हणजे एक गोटी दुसरीवर आपटावी तशी आपली काही ऊर्जा त्याला देतो आणि स्वतः क्षीण होऊन बाजूला वळतो. ऑर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये हे दाखवून दिले होते. ताऱ्याच्या पोटात, जेथे प्रखर उष्णता आणि मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, तेथे या टकरींचा काय परिणाम होईल, असा प्रश्न या विद्यार्थ्याने घेतला. पदवी मिळण्यास अद्याप दोन वर्षे अवकाश होता.

एका पाहुण्याची भेट

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असताना मद्रासला आले. त्यांचा अणुरचना व वर्णपट यांवरील प्रसिद्ध ग्रंथ चंद्रशेखर यांनी मन लावून वाचला होता. प्रेसिडेन्सी कॉलेजातील व्याख्यान ऐकून ते दुसऱ्या दिवशी झोमरफेल्ड यांना भेटावयास गेले. आपण हा ग्रंथ अभ्यासला आहे, असे त्यांनी सांगताच, त्या ग्रंथातले पदार्थविज्ञान आता मागे पडले आहे, असे उत्तर मिळाले. हायझेनबर्ग, श्रोडिंजर, डिरॅक यांनी गेल्या तीन वर्षांत सारा पाया नव्याने घातला होता आणि ती वार्ता मद्रासच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली नव्हती.

अशा उत्तराने एखादा विद्यार्थी खचून गेला असता. परंतु झोमरफेल्ड यांनी त्याला रिक्तहस्ते परत पाठविले नाही. धातूंतील इलेक्ट्रॉनांविषयीच्या आपल्या अप्रकाशित निबंधाची मुद्रिते त्यांनी या पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती दिली. त्यात फर्मी आणि डिरॅक यांच्या नव्या सांख्यिकीचा उपयोग केलेला होता. या सांख्यिकीचे मर्म सोप्या भाषेत असे सांगता येईल : एका आसनावर एकच प्रेक्षक बसू शकतो असे पायऱ्यापायऱ्यांचे नाट्यगृह कल्पावे. खालच्या रांगा भरल्या की नव्याने येणाराला वरच्या रांगेत जावे लागते. इलेक्ट्रॉनांचेही तसेच आहे. त्यांना फार थोड्या जागेत कोंबले, तर खालच्या ऊर्जेच्या जागा भरून जातात, उरलेल्यांना अधिक ऊर्जेच्या जागी जावे लागते, आणि त्यामुळे उष्णता नसतानाही एक प्रचंड दाब उत्पन्न होतो.

चंद्रशेखर यांनी ती मुद्रिते अभ्यासली. मद्रासच्या ग्रंथालयात केंब्रिजचे राल्फ फाउलर यांचा १९२६ मधील निबंध त्यांना मिळाला. हीच सांख्यिकी श्वेतबटू नावाच्या अतिघन ताऱ्यांना लावून पाहण्याचे काम फाउलर यांनी केले होते. श्वेतबटूमध्ये सूर्याएवढे द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात सामावलेले असते. त्यातील एक घनसेंटीमीटर द्रव्याचे वजन टनाच्या घरात जाते. या वाचनातून चंद्रशेखर यांनी कॉम्प्टन परिणाम आणि नवी सांख्यिकी यांचा मेळ घालणारा निबंध तयार केला आणि तो फाउलर यांच्याकडे पाठविला. फाउलर यांच्या शिफारशीने १९२९ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. लेखक अद्याप पदवीधरही नव्हता.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, ग्रंथालयात विलायतेची नियतकालिके येत होती आणि ती विद्यार्थ्याला पाहावयास मिळत होती. कपाटाला कुलूप असते, तर हा निबंध लिहिला गेला नसता. दुसरी, एका थोर विद्वानाने अनोळखी मुलाच्या भेटीसाठी वेळ काढला. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये हायझेनबर्ग मद्रासला आले, तेव्हा त्यांना शहर दाखविण्याचे काम चंद्रशेखर यांच्याकडे आले आणि एक पूर्ण दिवस त्यांना त्या सहवासाचा लाभ झाला. पाहुणे येतात, हारतुरे होतात आणि पाहुणे जातात. त्या धावपळीत एखाद्या होतकरू विद्यार्थ्याची अर्धा तास गाठ घालून देणे ही यजमानांनी करावयाची खरी व्यवस्था होय.

शिष्यवृत्ती आणि समुद्रप्रवास

१९३० मध्ये पदवी परीक्षेच्या सुमारास हिंदुस्थान सरकारची इंग्लंडमधील उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती चंद्रशेखर यांना मिळणार असल्याचे प्राचार्यांनी त्यांना सांगितले. आय.सी.एस.चा विषय मागे पडला. घरी आई गंभीर आजारी होती आणि अशा वेळी परदेशी जावे की नाही, असा प्रश्न होता. आईनेच जाण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्या निवर्तल्या. मुलाची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशा त्यागाची नोंद समीकरणांशेजारी होत नाही. परंतु घरून दूर शिकावयास गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे असे काहीतरी असते, हे शिक्षकाने व अधिकाऱ्याने विसरू नये.

३१ जुलै १९३० रोजी चंद्रशेखर मुंबई बंदरातून जहाजाने निघाले. सोबत मोजकी पुस्तके होती. त्यांत एडिंग्टन यांचा ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरील ग्रंथ होता. तो त्यांनी महाविद्यालयातील निबंधस्पर्धेचे बक्षीस म्हणून मागून घेतला होता. प्रवासात फाउलर यांच्या सिद्धांताचा विचार करताना त्यांच्या लक्षात आले की, श्वेतबटूच्या अंतर्भागात इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ जातो. तेव्हा आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत तेथे लावावयास हवा. तो लावताच आकडेमोडीतून अनपेक्षित निष्कर्ष निघाला. ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला तोलून धरू शकत नाही. तो तारा श्वेतबटू म्हणून स्थिरावू शकत नाही. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही मर्यादा सूर्याच्या ०.९१ पट आली होती. ताऱ्याच्या घटकद्रव्यांची आज ज्ञात असलेली माहिती घेऊन ती सुमारे १.४ पट धरली जाते. तिलाच जग 'चंद्रशेखर मर्यादा' म्हणते.

या निष्कर्षाचे स्वागत झाले नाही. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत खुद्द एडिंग्टन यांनी त्याची थट्टा केली. ज्यांचा ग्रंथ बक्षीस म्हणून मागून घेतला, त्यांच्याकडूनच हा आघात झाला. चंद्रशेखर यांनी एडिंग्टन यांच्याविषयीचा आदर सोडला नाही आणि आपले गणितही सोडले नाही. १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले आणि १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. त्या मर्यादेपलीकडील ताऱ्यांचे पुढे काय होते, या प्रश्नातून न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली.

घरी असा काका नसतो तेव्हा

ही कथा ऐकून कोणी म्हणेल की, ज्याच्या घरी रामन यांच्यासारखा काका, अधिकारी पिता आणि ग्रंथप्रेमी माता, त्याला हे सारे साधले. आमच्या तालुक्यातल्या मुलाचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधणे हेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

रामानुजन यांच्या घरी असा काका नव्हता. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि पदवी हुकली. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. त्या कचेरीतील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यांनी या कारकुनाची योग्यता ओळखली आणि पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही त्याला साहाय्य केले. १९१३ मध्ये हार्डी यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाल्यावर मद्रास विद्यापीठाने, पदवी नसतानाही, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. कचेरीतला एक वरिष्ठ आणि नियमाला मुरड घालणारे एक विद्यापीठ यांनी मिळून येथे काकांची जागा भरून काढली.

म्हणजेच चंद्रशेखर यांना घरातून जे मिळाले, ते इतरांना संस्थांकडून मिळावयास हवे. ज्या मुलाच्या घरी ग्रंथसंग्रह नाही, त्याच्यासाठी गावात ग्रंथालय हवे. ज्याच्या नात्यात शास्त्रज्ञ नाही, त्याला सुट्टीत शास्त्रज्ञाच्या शेजारी बसण्याची सोय हवी. मुलींच्या बाबतीत याची निकड अधिक आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजात चंद्रशेखर यांच्या मागच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या ललिता दोराईस्वामी यांच्याशी १९३६ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्या काळी पदार्थविज्ञानाच्या वर्गात मुलगी दिसणे ही विरळ गोष्ट होती. आज महाविद्यालयांतील विज्ञानवर्गांत मुली मोठ्या संख्येने आहेत. परंतु दोन महिने परगावी राहून संशोधन करण्याचा प्रश्न आला की, वसतिगृह, प्रवास आणि घरची संमती या तीन ठिकाणी त्यांची वाट अडते.

आजच्या विद्यार्थ्यापुढील वाटा

या दृष्टीने महाराष्ट्राची स्थिती १९२८ च्या मद्रासपेक्षा पुष्कळ अनुकूल आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्यात आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर ही संस्था आहे. आयुकाचे राष्ट्रार्पण २८ डिसेंबर १९९२ रोजी झाले, तेव्हा मुख्य व्याख्यान देण्यासाठी वयाच्या ८२ व्या वर्षी स्वतः चंद्रशेखर पुण्यात आले होते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. एकमेकांभोवती फिरत आदळणारी कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे यांच्यामुळे अवकाशात उठणारे तरंग टिपण्यासाठी ही वेधशाळा आहे. मुंबईहून निघालेल्या जहाजावर एका विद्यार्थ्याने जो प्रश्न उभा केला, त्याचाच पुढचा अभ्यास मराठवाड्याच्या भूमीवर व्हावयाचा आहे. तेथे सैद्धांतिक अभ्यासकांबरोबरच निर्वात यंत्रणा, लेसर, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणन यांचे जाणकार लागतील. त्यांपैकी काही जण त्याच जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून यावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उन्हाळी संशोधनाचीही सोय आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना व शिक्षकांना उन्हाळ्यात सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करण्यासाठी अधिछात्रवृत्ती देतात. टाटा मूलभूत संशोधन संस्था व आयुका यांचे सुट्टीतील कार्यक्रम आहेत. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र उपक्रम चालविते. यांचे अर्ज पुष्कळदा हिवाळ्यातच मागविले जातात. परीक्षा आटोपून मे महिन्यात चौकशी करणाऱ्याची ती संधी हुकलेली असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ही माहिती लागली पाहिजे, आणि ती केवळ लावून न थांबता शिक्षकाने अर्ज लिहून घेतला पाहिजे. शिफारसपत्र मागावयास येणारा विद्यार्थी संकोची असतो. त्याला दोनदा परत पाठविले, तर तो तिसऱ्यांदा येत नाही.

चरितार्थाची चिंता आजही तीच आहे. शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या बापाला आय.सी.एस. खुणावत होती, आज आपल्याकडे पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून मुले राज्यसेवा व इतर स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागतात. ती वाट वाईट नाही. राज्याला चांगले अधिकारी हवेच आहेत. परंतु दुसरी वाट ठाऊक नसल्यामुळे ती धरली जाऊ नये. पदार्थविज्ञानाच्या पदवीधराला पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन आय.आय.टी.त जाता येते. पुढे संशोधन, अध्यापन, अणुऊर्जा आणि हवामानशास्त्र ही क्षेत्रे खुली होतात. कर्करोग रुग्णालयांत किरणोपचाराची मात्रा ठरविणारे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञही पदार्थविज्ञानाचेच विद्यार्थी असतात. ज्याला संशोधनात पुढे जावयाचे नाही, त्यालाही मोजमाप, पुरावा आणि शंका यांची लागलेली सवय कोणत्याही कचेरीत उपयोगी पडते.

कोणी काय करावे

शिक्षकांनी आपल्या वर्गातील असा एक विद्यार्थी दरवर्षी हेरावा, ज्याचे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर जातात. त्याला वेगळे पुस्तक द्यावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर ते दोघांनी मिळून शोधावे. प्राचार्यांनी ग्रंथालयाचे कपाट उघडे ठेवावे.

पंचायत सदस्यांनी गावातील अभ्यासिकेकडे पाहावे. तेथे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांबरोबर विज्ञानाची दहा चांगली पुस्तके आणि चालू स्थितीतील एक संगणक असला, तर खर्च फार होत नाही. संशोधनासाठी निवड झालेल्या मुलाला अथवा मुलीला पहिल्या प्रवासाचे भाडे आणि हाताशी थोडी रक्कम लागते. विद्यावेतन मिळते, पण ते पुढे. तेवढ्या रकमेअभावी कित्येक निवडपत्रे घरातच राहतात. गावाने तेवढा भार उचलला, तर तो खर्च वाया जाणार नाही. मे महिन्यात शेतीची कामे आणि घरची लग्नकार्ये असतात हे खरे. पण त्या एका उन्हाळ्यापुरती मुलाची जागा भावकीतल्या कोणी भरून काढणे अशक्य नसते.

अधिकारीवर्गाच्या हाती दाखले आणि शिष्यवृत्तीची प्रकरणे असतात. उत्पन्नाचा वा जातीचा दाखला मुदतीनंतर मिळाला, तर त्या कागदाचे मूल्य शून्य होते. कागद पुढे सरकविताना त्याच्यामागे एक अठरा वर्षांचा विद्यार्थी मुदत मोजीत बसलेला आहे, एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ होईल. नारायण अय्यर यांनी आपल्या कचेरीतला एक कारकून पारखला, एवढ्यासाठी त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते.

विद्यार्थी मित्रांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येकाला नोबेल मिळणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या आवडीचा प्रश्न शोधावा, त्यावर एक उन्हाळा मनापासून खर्च करावा आणि जे लिहिले ते जाणत्या माणसाला दाखविण्याचे धैर्य करावे. आपण वाचलेले जुने ठरले असे कोणी सांगितले, तर नवे काय ते विचारावे. चंद्रशेखर यांनी झोमरफेल्ड यांच्यासमोर नेमके तेच केले. पुढच्या उन्हाळ्यासाठीचे अर्ज येत्या हिवाळ्यात निघतील. तोवर पुस्तक हाती घेण्यास भरपूर वेळ आहे.